‘संगीत सौभद्र’मधील कृष्णनीती : धाकट्या भावाच्या कपटाची चिकित्सा

सारांश

बलवान थोरल्या भावावर चतुर धाकट्याने युक्तीने मात करणे, हे कथासूत्र भारतीय परंपरेत अनेक रूपांत आढळते. मराठी रंगभूमीवर त्याचा सर्वांत लोकप्रिय आविष्कार म्हणजे बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे ‘संगीत सौभद्र’ (१८८२) हे नाटक होय. महाभारत, भागवत आणि ‘सौभद्र’ या तीन टप्प्यांत कृष्णाचे कपट कसे बदलत गेले, त्या कपटात बलरामाचे स्थान काय राहिले आणि ज्या सुभद्रेसाठी हे सारे घडते तिला त्यात कितपत सहभागी करून घेतले गेले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. धाकट्याचा विजय हा थोरल्याच्या निर्णयाविरुद्ध असला तरी थोरल्याच्या अधिकाराविरुद्ध नाही, आणि म्हणूनच तो बहिणीचा विजय ठरत नाही, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : संगीत सौभद्र, कृष्ण-बलराम, छल, वेषांतर, एकत्र कुटुंब, स्त्रीची संमती.

१. प्रास्ताविक

जुहू येथील इस्कॉनच्या मंदिरात, ज्याचे उद्घाटन जानेवारी १९७८ मध्ये झाले, मध्यभागी राधा-रासबिहारी असून एका बाजूस गौर-निताई व दुसऱ्या बाजूस सीता, राम, लक्ष्मण आणि हनुमान यांच्या मूर्ती आहेत. भावांच्या नात्याकडे पाहणाऱ्या अभ्यासकाला ही रचना उद्बोधक वाटावी अशी आहे. राम-लक्ष्मण ही आज्ञाधारक धाकट्याची जोडी. गौर-निताई ही गौडीय वैष्णवांच्या श्रद्धेनुसार कृष्ण-बलरामांचीच पुन्हा अवतरलेली जोडी. तेथे थोरला निताई धाकट्या गौरांगाच्या भक्तीत तल्लीन झालेला आहे. म्हणजे एकीकडे धाकटा थोरल्यापुढे नम्र, तर दुसरीकडे थोरला धाकट्यापुढे. परंतु कृष्ण-बलरामांच्या नात्याला तिसरीही एक बाजू आहे. तीत धाकटा थोरल्याला वाकून नमस्कारही करतो आणि त्याच वेळी त्याला फसवितोही. ही बाजू गाभाऱ्यात येत नाही. ती रंगभूमीवर येते. मराठी माणसाला ती ठाऊक आहे ती प्रामुख्याने ‘संगीत सौभद्र’मुळे.

या नाटकाविषयी आजवर झालेले बहुतेक लेखन त्याच्या संगीताविषयी, पदांच्या चालींविषयी आणि गायक नटांच्या परंपरेविषयी आहे. ते स्वाभाविकही आहे. भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व, छोटा गंधर्व अशा गायक नटांच्या भूमिकांनी हे नाटक सव्वाशेहून अधिक वर्षे जिवंत ठेवले. तथापि, पदांच्या मोहिनीमुळे नाटकाच्या कथानकाकडे एक निरुपद्रवी गंमत म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. प्रस्तुत लेखिकेलाही ती होती. जुहूच्या परिसरातील महाविद्यालयात पदवीच्या अंतिम वर्षाला नाट्यवाङ्मय शिकविताना ‘सौभद्र’मधील कृष्णाच्या चातुर्याचे विवेचन चालू असता एका विद्यार्थिनीने साधा प्रश्न विचारला : “मॅडम, कृष्णाने दादाला सांगितले नाही ते कळते. पण सुभद्रेला का नाही सांगितले?” या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या तासाला देता आले नाही. हा निबंध त्या उत्तराच्या शोधातून सिद्ध झाला आहे.

२. कथेची तीन रूपे

सुभद्राहरणाची कथा सर्वप्रथम महाभारताच्या आदिपर्वात येते. रैवतक पर्वतावरील उत्सवात अर्जुन सुभद्रेला पाहतो आणि तिच्यावर लुब्ध होतो. कृष्णाला ते लक्षात येते. स्वयंवराचा निकाल अनिश्चित असतो, तेव्हा क्षत्रियाला साजेल अशा रीतीने तिचे हरण कर, असा सल्ला तोच अर्जुनाला देतो. युधिष्ठिराची अनुज्ञाही दूतांकरवी मिळविली जाते. येथे संन्याशाचे सोंग नाही, दुर्योधनाशी ठरलेला विवाहही नाही. हरणाची वार्ता द्वारकेत पोहोचल्यावर सुधर्मा सभेत यादववीर खवळून उठतात. त्यांना थोपविणारा बलरामच आहे; कृष्ण गप्प का आहे, त्याचे मत आधी ऐका, असे तो म्हणतो, आणि मग स्वतःच संतापाने पेटतो. कृष्ण तेव्हा बोलतो आणि अर्जुनाच्या कृतीचे समर्थन करतो. त्याचा युक्तिवाद दुहेरी आहे. कन्येचे दान पशूप्रमाणे करावे हे कोणाला मान्य होईल, अपत्याची विक्री कोण करील, असा नैतिक मुद्दा तो मांडतो. त्याच बरोबर, अर्जुनाने तुम्हांला जिंकून तो आपल्या नगरीला गेला तर तुमची कीर्ती लयाला जाईल, सामोपचारात मात्र पराभव नाही, असा व्यावहारिक मुद्दाही पुढे करतो. येथील कपट असे की, जो सल्लागार आहे तोच त्रयस्थ समर्थक म्हणून उभा राहतो. आपला आधीचा सहभाग तो उघड करीत नाही.

भागवताच्या दशम स्कंधात ही कथा अधिक घरगुती होते. बलराम सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी करू इच्छितो, इतरांना ते मान्य नाही, असे तीर्थयात्रेतील अर्जुनाच्या कानी येते. तो त्रिदंडी यतीचा वेष घेऊन द्वारकेत येतो आणि पावसाळ्याचे महिने तेथे काढतो. त्याला न ओळखता बलराम त्याला आदराने घरी भोजनाला बोलावितो. तेथे सुभद्रा त्याच्या दृष्टीस पडते; तिलाही तो आवडतो. पुढे देवयात्रेच्या निमित्ताने ती बाहेर पडली असता तिचे माता-पिता व कृष्ण यांच्या संमतीने अर्जुन तिचे हरण करतो. पर्वकाळच्या समुद्राप्रमाणे खवळलेल्या बलरामाला कृष्ण आणि आप्त पाय धरून शांत करतात. म्हणजे महाभारतातील सभेची जागा येथे घराने घेतली, राजकीय वादाची जागा कौटुंबिक गुप्ततेने घेतली आणि बलराम केवळ संतापी न राहता फसलेला यजमान झाला.

किर्लोस्करांनी या भागवती बीजावर आपले नाटक उभारले. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्याच्या पूर्णानंद नाट्यगृहात त्याच्या पहिल्या तीन अंकांचा प्रयोग झाला आणि पुढील वर्षी ते पाच अंकांत पूर्ण झाले. नाटककाराने मूळ कथेत घातलेली भर मार्मिक आहे. भागवतात संन्यासवेषाची कल्पना अर्जुनाची आणि कृष्णाची केवळ संमती. ‘सौभद्र’मध्ये सूत्रे कृष्णाच्या हाती येतात. नारद अर्जुनाला वार्ता देतो, घटोत्कच निद्रिस्त सुभद्रेला उचलून अरण्यात आणतो, तेथे तिची आणि अर्जुनाची गाठ पडते, यतिवेषातील अर्जुन द्वारकेजवळ येतो, त्याच्या तपस्तेजाने भारावलेला बलराम आपल्या बहिणीला त्याच्या सेवेस लावतो. यातील प्रत्येक दुवा कृष्णाला ठाऊक आहे. बलराम आणि सुभद्रा या दोघांना मात्र तो ठाऊक नाही. कृष्ण हा येथे पात्र आहे तसाच तो एक प्रकारे नाटकातला नाटककारही आहे.

३. छलाचे प्रकार

‘कपट’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. न्यायसूत्रांत छलाचे वाक्छल, सामान्यछल आणि उपचारछल असे तीन प्रकार सांगितले आहेत. ते वादविवादातील आहेत. भावाभावांच्या कथांचा विचार करताना त्यांचा आधार घेऊन एक भेद करता येईल. काही कथांत धाकटा शब्दाचा अर्थ बदलून जिंकतो, तर काहींत वस्तुस्थिती लपवून.

पहिल्याचे ठळक उदाहरण गणेश-कार्तिकेयाचे. शिवपुराणातील कथेनुसार पृथ्वीप्रदक्षिणा जो आधी पुरी करील त्याचा विवाह आधी, अशी अट होती. वेगवान कार्तिकेय निघाला; स्थूलदेही गणेशाने माता-पित्यांनाच प्रदक्षिणा घातल्या आणि तीच पृथ्वीप्रदक्षिणा असल्याचे शास्त्राधारे सिद्ध केले. उत्तर भारतात आणि आपल्याकडे गणेश धाकटा मानला जातो, दक्षिणेत तो थोरला; परंतु कथेचा गाभा एकच आहे. येथे लपवाछपवी नाही. गणेशाने काय केले ते सर्वांसमक्ष केले, परीक्षकांनी ते मान्य केले. हरलेल्याला अन्याय वाटला तर तो तसे म्हणू शकतो. कार्तिकेय म्हणतो आणि घर सोडून क्रौंच पर्वतावर निघून जातो. पराभूताचा राग कथेने पुसलेला नाही.

दुसऱ्या प्रकारात वेष, मौन आणि अर्धसत्य यांचा उपयोग होतो. बायबलातील याकोब-एसाव यांची कथा या प्रकारची आहे. एसाव थोरला, बलदंड, शिकारी. याकोब धाकटा, तंबूत राहणारा. आईच्या सांगण्यावरून याकोब करडांची कातडी अंगावर घेऊन अंध पित्याकडून थोरल्याचा आशीर्वाद मिळवितो. मात्र ही कथा तेथे थांबत नाही. पुढे लाबान याकोबाला फसवितो. राहेलसाठी सात वर्षे राबलेल्या याकोबाच्या पदरी आधी थोरली बहीण लेआ बांधली जाते. वेष पालटून थोरल्याची जागा घेणाऱ्याला धाकटीच्या जागी थोरली मिळते. कपटाचा हिशेब कथेनेच चुकता केला आहे.

‘सौभद्र’ दुसऱ्या प्रकारात मोडते. परंतु येथे ना कार्तिकेयासारखे घर सोडून जाणे आहे, ना याकोबासारखा हिशेब. बलराम चिडतो, समजावला जातो आणि घरातच राहतो. या सुखद शेवटाची किंमत काय, हा खरा प्रश्न आहे.

४. बलराम : बळ असलेला, पण डाव नसलेला

‘सौभद्र’मधील बलराम सामान्यतः भोळा व शीघ्रकोपी रंगविला जातो, आणि प्रेक्षक त्याला हसतो. पण तो नेमका कशाने फसतो, याकडे लक्ष दिल्यास चित्र बदलते. तो लोभाने फसत नाही, क्रोधानेही नाही; तो श्रद्धेने फसतो. दारी आलेल्या यतीचा सत्कार करणे, घरातील दुःखी मुलीला त्याच्या सेवेने शांती लाभेल असे मानणे, या गोष्टी त्याच्या दृष्टीने धर्माच्या आहेत. त्याचा सर्वांत चांगला गुण कृष्णाच्या योजनेचे साधन होतो. भागवतातही बलरामाने यतीला श्रद्धेने वाढल्याचा उल्लेख आहेच. दुष्टाला त्याच्या दुर्गुणांनी पाडणे ही नीतिकथा झाली. सज्जनाला त्याच्या सद्गुणाने पाडणे ही त्याहून अवघड गोष्ट आहे, आणि ती हास्यात विरून जाते हे किर्लोस्करांचे नाट्यकौशल्य म्हणावे लागेल.

अर्थात बलरामाची बाजू निर्दोष नाही. दुर्योधन हा गदायुद्धातील त्याचा आवडता शिष्य. शिष्यावरील लोभापायी बहिणीचा विवाह ठरविणे, आणि घरातील इतरांचे मत विचारातही न घेणे, हा कर्त्या पुरुषाचा हट्ट आहे. नाटक त्याला विरोध करते यात शंका नाही. मात्र विरोध करते ते कसे? कृष्ण एकदाही थोरल्यासमोर उभा राहून ‘हा विवाह मला मान्य नाही, कारण सुभद्रेला तो मान्य नाही’ असे भांडून सांगत नाही. थोरल्याचा अधिकार तो शब्दाने नाकारीत नाही. तो त्या अधिकाराला निष्फळ करतो. बलरामाचा निर्णय बदलतो, निर्णय घेण्याचा त्याचा हक्क मात्र अबाधित राहतो. उद्या दुसरा प्रसंग आला तर पुन्हा तोच निर्णय घेईल आणि पुन्हा कुणाला तरी युक्ती लढवावी लागेल.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. वत्सलाहरणाच्या लोकप्रिय कथेत, जी व्यासांच्या महाभारतात नाही, नेमके हेच घडते. बलराम आपली कन्या दुर्योधनपुत्र लक्ष्मणाला देऊ करतो आणि कृष्ण घटोत्कचाच्या मायेने तिचा विवाह अभिमन्यूशी घडवून आणतो. के. व्ही. रेड्डी यांच्या ‘मायाबझार’ (१९५७) या तेलुगू चित्रपटाने ही कथा दक्षिणेत घरोघरी पोहोचविली. सुभद्रेच्या वेळी झाले तेच तिच्या मुलाच्या वेळी होते. एका पिढीत कपटाने सुटलेला प्रश्न पुढच्या पिढीत तसाच उभा राहतो, याहून त्या उपायाच्या मर्यादेचा दुसरा पुरावा कोणता हवा?

महाभारतकारांना ही मर्यादा ठाऊक होती असे दिसते. शल्यपर्वात भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर गदा मारल्यावर बलराम नांगर उगारून धावतो. कृष्ण त्याला मिठीत घेऊन थोपवितो व अनेक कारणे सांगतो. पण सुभद्रेच्या प्रसंगासारखा बलराम येथे विरघळत नाही. कृष्णाच्या समर्थनाला तेथे ‘धर्मच्छल’ हा शब्द योजिला आहे आणि ते ऐकूनही बलरामाचे मन प्रसन्न झाले नाही असे सांगितले आहे. तो रथात बसून द्वारकेला निघून जातो. धाकट्याच्या युक्तिवादापुढे थोरला निरुत्तर होतो, पण पटवला जात नाही. ‘सौभद्र’चा बलराम आणि शल्यपर्वातील बलराम शेजारी ठेवून पाहिले म्हणजे सुखान्त नाटकाने काय वगळले ते ध्यानी येते.

५. सुभद्रा : जिच्यासाठी, पण जिच्याविना

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. महाभारतातील सुभद्रेला कोणीच काही विचारीत नाही. कन्यादान पशुदानासारखे होऊ नये असे सभेत सांगणाऱ्या कृष्णानेच, तिचे मत न विचारता, तिच्या हरणाचा बेत आखलेला असतो. हा अंतर्विरोध उघड आहे. भागवत एक पाऊल पुढे जाते. तेथे सुभद्रेच्या मनातील अभिलाषेचा स्पष्ट उल्लेख आहे. किर्लोस्कर आणखी पुढे जातात. त्यांची सुभद्रा बोलते, गाते, रडते, रुसते. अर्जुनावाचून इतराला वरणार नाही हे तिचे मन प्रेक्षकाला निःसंदिग्धपणे कळते. मराठी रंगभूमीवरील स्त्रीच्या इच्छेचा हा एक ठळक उच्चार आहे, आणि त्याचे श्रेय नाटककाराला दिलेच पाहिजे.

पण या उच्चाराबरोबरच तिची अनभिज्ञताही वाढली आहे. महाभारतात ती एका प्रसंगापुरती अंधारात आहे. ‘सौभद्र’मध्ये जवळजवळ नाटकभर. झोपेतून उचलली जाते तेव्हा ती राक्षसाच्या भीतीने किंचाळते. हे आपल्याच भावाच्या सांगण्यावरून घडत आहे हे तिला ठाऊक नाही. ज्याच्यासाठी ती झुरते आहे त्याचीच ती यती समजून सेवा करते आणि आपले दुःखही त्याच्याचपुढे मांडते. प्रेक्षकाला दोन्ही बाजू माहीत असल्याने त्याला गंमत वाटते. परंतु तिचे भय आणि तिचे अश्रू खरे आहेत. कृष्णाला ती अर्जुनाची व्हायला हवी आहे, पण ती आपल्या सुटकेत सहभागी व्हायला हवी आहे असे मात्र नाही. थोरला भाऊ तिला न विचारता तिचे वाईट ठरवितो. धाकटा तिला न विचारता तिचे चांगले ठरवितो. ‘न विचारता’ हा दोघांतील समान दुवा आहे.

येथे मूळ महाभारतातील एक तपशील आवर्जून नोंदवावासा वाटतो. इंद्रप्रस्थाला पोहोचल्यावर द्रौपदीच्या रोषाची अर्जुनाला धास्ती वाटते. तेव्हा तो सुभद्रेला तांबडे रेशमी वस्त्र नेसवून गोपकन्येच्या वेषात अंतःपुरात पाठवितो. सुभद्रा द्रौपदीला वंदन करून ‘मी आपली दासी’ असे म्हणते आणि द्रौपदीचा राग मावळतो. म्हणजे सर्वांत जुन्या कथेत वेषांतर आहे ते सुभद्रेचे! कल्पना अर्जुनाची असली तरी ती अमलात आणताना ती जाणतेपणी वागते. आपल्याहून अधिक अधिकार असलेल्या स्त्रीपुढे धाकटेपण स्वीकारून ती आपली जागा मिळविते. पुढील परंपरेत हे वेषांतर मागे पडले आणि अर्जुनाचे यतीचे सोंग कथेचा कणा झाले. सोंग घेण्याचा अधिकार स्त्रीकडून पुरुषाकडे गेला, असे या बदलाचे वर्णन करता येईल.

६. १८८२ चा संदर्भ

‘सौभद्र’चा पहिला प्रयोग ज्या वर्षी पुण्यात झाला त्याच वर्षी पुण्यातच ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध झाली आणि पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईत रखमाबाईंच्या खटल्याला तोंड फुटले. बालपणी लावून दिलेल्या विवाहास आपली संमती नव्हती, असे एका स्त्रीने उच्च न्यायालयात ठामपणे मांडले. स्त्रीच्या संमतीचा प्रश्न त्या दशकात हवेत नव्हता, तो छापखान्यात आणि न्यायालयात होता.

या पार्श्वभूमीवर ‘सौभद्र’चा स्वीकार दोन्ही बाजूंनी झाला असणार, असे अनुमान करता येते. नव्या विचारांच्या प्रेक्षकाला त्यात वडीलधाऱ्याने लादलेल्या विवाहाचा पराभव दिसला असावा. जुन्या विचारांच्या प्रेक्षकाला थोरल्याचा मान शेवटपर्यंत राखला गेल्याचे समाधान मिळाले असावे. तडजोडीची ही क्षमता नाटकाच्या लोकप्रियतेचे एक कारण मानता येईल. त्या काळी सुभद्रेची भूमिका भाऊराव कोल्हटकरांसारखे पुरुष नट करीत, हेही विसरून चालणार नाही. स्त्रीचे मन रंगमंचावर आले, पण तेही पुरुषाच्या कंठातून.

किर्लोस्करांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘संगीत शारदा’त (१८९९) हाच प्रश्न पुराणाचा आडपडदा बाजूला सारून हाताळला. तेथे मुलीच्या विवाहाचा सौदा करणारा बाप आहे आणि सुटका देवाच्या लीलेने न होता उघड विरोधाने व समाजाच्या हस्तक्षेपाने होते. ‘सौभद्र’ ते ‘शारदा’ या प्रवासात युक्तीची जागा वादाने घेतली. स्वतः किर्लोस्करांच्या अखेरच्या, अपूर्ण राहिलेल्या ‘रामराज्यवियोग’ (१८८४) या नाटकाचा विषयही येथे सूचक ठरतो. रामकथेत थोरल्याविरुद्ध कपट होते ते धाकट्याच्या नावे. पण ज्याच्यासाठी ते होते तो भरत त्याचा लाभ नाकारतो. धाकट्याला आपल्या बाजूने झालेले कपट नाकारता येते, ही शक्यता त्या कथेत आहे. ‘सौभद्र’च्या जगात तिला वाव नाही.

७. एक आक्षेप व त्याचे उत्तर

या विवेचनावर असा आक्षेप घेतला जाईल की, सुभद्रेला आधीच सर्व सांगितले असते तर नाटकच उरले नसते. सुखात्मिकेचा आधार कोणाच्या तरी अज्ञानावर असतो आणि तिला सामाजिक न्यायाच्या तराजूत तोलणे अरसिकपणाचे आहे. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. अज्ञान हवेच. पण ते कोणाचे असावे, हा नाटककाराच्या निवडीचा भाग असतो. शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’मध्येही थोरल्या भावाच्या जाचाने घर सोडणारा धाकटा आहे आणि वेषांतरही आहे. मात्र तेथे वेष पालटते ती रोझालिंड. अज्ञानात असतो तो ऑर्लँडो, आणि शेवटच्या विवाहांची जुळणी तीच करते. नाटकाची खुमारी त्यामुळे कमी झालेली नाही. सुभद्रा सारे जाणून बलरामासमोर यतीची भोळी सेविका बनून वावरली असती, तर हसू कमी झाले असते असे वाटत नाही. कदाचित वाढलेच असते.

दुसरा आक्षेप भक्तीच्या भूमिकेतून येऊ शकतो. कृष्ण हा लीलापुरुषोत्तम. त्याच्या कृतीला मानवी कसोट्या लावू नयेत. या श्रद्धेचा आदर राखूनही असे म्हणता येईल की, महाभारताने स्वतः त्या कसोट्या लावल्या आहेत. स्त्रीपर्वात गांधारी कृष्णाला जाब विचारते, शाप देते, आणि कृष्ण तो स्वीकारतो. ईश्वरालाही प्रश्न विचारणारी स्त्री ज्या ग्रंथात आहे, त्याच ग्रंथातील कथेवर बेतलेल्या नाटकाला तिच्या लेकींनी प्रश्न विचारला तर ते परंपरेबाहेरचे ठरत नाही.

८. समारोप

जुहूच्या जानकी कुटीर भागात नोव्हेंबर १९७८ मध्ये सुरू झालेल्या पृथ्वी थिएटरचा पहिला प्रयोग गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या मूळ मराठी नाटकाचा होता. एका माणसाला समितीपुढे बसवून प्रश्न विचारण्याचे ते नाटक. मंदिर आणि नाट्यगृह एकाच वर्षी, एकाच उपनगरात उभे राहिले. एक श्रद्धेने पाहायला शिकविते, दुसरे विचारायला. ‘सौभद्र’सारख्या नाटकाला या दोन्ही दृष्टी हव्यात.

आपल्या घरांतही थोरल्याला न दुखविता धाकट्याने काम साधून घेण्याची रीत आहे आणि तिला आपण कौतुकाने ‘कृष्णनीती’ म्हणतो. बहिणीचे लग्न असो वा वाडवडिलांच्या घराची वाटणी, ‘दादांना मी सांभाळतो, तू काळजी करू नकोस’ हे वाक्य अनेक बहिणींनी ऐकलेले असते. त्यात माया असते हे नाकारता येणार नाही. पण महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या कायद्यातील दुरुस्तीने मुलगी ही एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः सहदायाद झाली आहे. ती आता भावांच्या डावातील सोंगटी नसून पटावर बसलेली तिसरी खेळाडू आहे. तिला न सांगता केलेले हितही तिच्या अधिकाराला बाधा आणणारेच ठरते.

निष्कर्ष

१. सुभद्राहरणाच्या कथेत महाभारत, भागवत आणि ‘संगीत सौभद्र’ या क्रमाने कपटाचे स्वरूप सार्वजनिक समर्थनाकडून घरगुती गुप्ततेकडे सरकत गेले आहे आणि कृष्ण सल्लागारापासून सूत्रधारापर्यंत पोहोचला आहे.

२. बलरामाचा पराभव त्याच्या दुर्गुणांमुळे न होता श्रद्धाळूपणामुळे होतो. त्याचा निर्णय उलटविला जातो, निर्णयाधिकार मात्र कायम राहतो. वत्सलाहरणाची कथा या अपूर्ण विजयाची साक्ष देते.

३. सुभद्रेच्या इच्छेला नाटकाने वाणी दिली, परंतु तिच्या सुटकेच्या योजनेत तिला स्थान दिले नाही. मूळ महाभारतातील तिचे वेषांतर लोपणे ही त्या दृष्टीने अर्थपूर्ण घटना आहे.

४. १८८२ च्या पुण्यात स्त्रीच्या संमतीचा प्रश्न उघडपणे मांडला जात असताना ‘सौभद्र’ने त्याला विनोदाच्या वाटेने उत्तर दिले, ‘शारदा’ने ते पुढे वादाच्या वाटेने दिले.

५. ‘सौभद्र’चे संगीत आणि विनोद यांचा आस्वाद घेत असतानाच, वर्गात हे नाटक शिकविताना ‘सुभद्रेला का नाही सांगितले?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे. त्याने नाटकाची गोडी कमी होत नाही. दादाचा राग शांत झाला की नाटक संपते. बहिणीशी बोलणे मात्र तेथून सुरू व्हायला हवे.